सासूबाई, फ्रीज आणि चार पूर्णांक सहा

माझ्या सासूबाईंचं नाव थाक हूनाम. हूनाम म्हणजे 'यापुढे मुलगा'. घरात पाचवी मुलगी झाली म्हणून त्यांच्या आजोबांनी वैतागून हे नाव ठेवलं. पुढे मुलगा झाला का, असं कुणी विचारलं की सासूबाई म्हणतात, "माझ्यानंतर कोण आलं त्याच्याशी मला काय करायचंय? मी आले ना!" उंची पावणेपाच फूट, वय बहात्तर, आणि आवाज असा की आमच्या मिर्यांग गावच्या बाजारात त्या एका टोकाला बोलल्या तर दुसऱ्या टोकाचा मासेवाला भाव कमी करतो.

मी यूरिम, त्यांची सून. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा स्वयंपाकघरात मला पहिल्यांदा दिसला तो त्यांचा फ्रीज. पिस्त्याच्या रंगाचा, दोन दारांचा, माझ्या खांद्याएवढा. सोलला आशियाई खेळ झाले त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, सासूबाईंनी तो घेतला. तेव्हा त्या टॉवेलच्या गिरणीत कामाला होत्या. नवऱ्याला न विचारता दुकानात गेल्या, फ्रीज टेम्पोत चढवला आणि स्वतः त्याला कवटाळून मागे उभ्या राहून घरी आल्या. गल्लीतला पहिला फ्रीज!

सासूबाईंची शाळा चौथीत सुटली होती. फ्रीजबरोबर एक माहितीपुस्तिका मिळाली होती. ती त्यांनी रोज रात्री जेवणं झाल्यावर ओळीखाली बोट धरून वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं पुस्तक. त्यात लिहिलं होतं, 'महिन्यातून एकदा स्वच्छ करावा.' बाकीचं जग असली वाक्यं वाचून विसरतं. सासूबाईंनी ते वाक्य अडतीस वर्षं पाळलं. नवरा वारला त्या महिन्यातसुद्धा, फक्त चार दिवस उशिरा.

महिन्याचा शेवटचा रविवार आला की घरात सणाची गडबड. आधी वायर काढायची. आतलं सामान बर्फाच्या पेटीत. काचेच्या फळ्या काढल्या की लगेच गरम पाण्याखाली धरायच्या नाहीत, तडकतात, म्हणून त्यांना अर्धा तास ओट्यावर 'शुद्धीवर येऊ' द्यायचं. आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं. दाराच्या रबराच्या घड्यांमध्ये काळं साचतं, तिथे जेवणाच्या काडीला फडकं गुंडाळून सोजूच्या दारूत बुडवून फिरवायचं. सोजू उरली नसेल तर माझ्या नवऱ्याला, गिलसूला, मुद्दाम बाटली आणायला पिटाळायचं. तो दर वेळी म्हणायचा, "आई, माझ्यापेक्षा हा फ्रीज जास्त पितो."

"तो पिऊन काम करतो," सासूबाई म्हणायच्या.

मग फ्रीज पुढे ओढून मागची काळी जाळी मऊ ब्रशने वरून खाली झाडायची. आतलं पाणी निघून जायचं भोक कोमट पाण्याच्या पिचकारीने मोकळं करायचं. शेवटी परीक्षा. कॅलेंडरच्या कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सरकन निघाली तर रबर सैल, अडकली तर ठीक. अडकली की सासूबाई दाराला थाप मारायच्या, शर्यत जिंकलेल्या घोड्याला मारावी तशी.

आणि मी? मला चार दारांचा, रुपेरी, स्वतः बर्फ करणारा फ्रीज हवा होता. अकरा वर्षं हवा होता!

गेल्या जुलैत ती जाहिरात दिसली. चांगवनला घरगुती वस्तूंचं एक लहानसं संग्रहालय उघडणार होतं. आपल्या प्रांतातला सगळ्यात जुना, अजून व्यवस्थित चालणारा घरगुती फ्रीज त्यांना हवा होता. जो निवडतील तो संग्रहालयात जाणार आणि मालकाला नवा कोरा मिळणार. चार दारांचा! मी ती दोनदा वाचली. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मी पटापट फोटो काढले, मागच्या बाजूची, साल कोरलेली पट्टी पुसून तिचाही काढला आणि पाठवून दिले. घरात कुणाला बोलले नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, तो नेमका सासूबाईंनी उचलला.

"कसली शेवटची फेरी?" त्या ओरडल्या. "कोण येणार? कुणाचा फ्रीज न्यायला येणार?"

मी मोरीत लपले होते. बाहेर येण्यावाचून इलाज नव्हता.

"यूरिम! तू माझा फ्रीज विकायला काढलास?"

"आई, विकायला नाही हो. संग्रहालयात. लोक बघायला येतील. मान आहे तो."

"मान! मला मेल्यावर पेंढा भरून ठेव तिथे, तोही मानच!"

दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भात वाढताना पळी भांड्यावर आपटत होत्या. संध्याकाळी मात्र भोपळ्याची पानं निवडता निवडता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शेवटच्या फेरीत आणखी कोण आहे?"

"जिंजूचा एक न्हावी आहे म्हणे. मो इनग्यू नावाचा. त्याच्या दुकानात आहे. १९८४ चा."

"चौऱ्याऐंशीचा?" निवडलेलं पान त्यांनी कचऱ्यात टाकलं आणि देठ टोपलीत. "आणि चालतो?"

"चालतो म्हणतात."

"म्हणतात! थंड किती होतो ते सांग." त्या उठल्याच. "पाठव त्यांना निरोप. या म्हणावं. थाक हूनामचा फ्रीज काय आहे ते त्या न्हाव्याला कळू दे!"

झालं. त्या क्षणापासून घराचा आखाडा झाला. गुरुवारी दुपारी तीन वाजता तपासणीला माणसं येणार होती. अट सोपी होती. ते आपला तापमापक आत ठेवणार, दार बंद करून दोन तास थांबणार, आणि शेवटी आकडा पाच अंशांच्या आत हवा. सासूबाईंनी आमचा जुना तापमापक आत ठेवून बघितला. तीन पूर्णांक आठ! बाहेर छत्तीसचा उन्हाळा आणि आत तीन पूर्णांक आठ! त्या अंगणात जाऊन दोन्ही हात वर करून एक गिरकी घेऊन आल्या. बहात्तराव्या वर्षी!

मलाही चेव चढला. एक तर नव्या फ्रीजची ओढ, आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते नाचणं बघून त्यांनी जिंकावं असं मनापासून वाटायला लागलं. बुधवारी त्या देवळात गेल्या असताना मी फ्रीज ओढला, खालची फरशी घासली, रंग पुसला, हँडल चकाकवलं आणि परत भिंतीकडे ढकलून दिला. आल्यावर त्या म्हणाल्या, "वा! सूनबाईंनी हात लावला म्हणजे पाऊसच पडणार." पण खूश होत्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी दूध काढायला दार उघडलं. दूध कोमट.

तापमापकावर चौदा.

मला वाटलं, बघण्यात चूक झाली. पुन्हा बघितलं. चौदा! दिवा लागलेला, मोटर घरघर चालू, आणि वरच्या कप्प्यात पांढऱ्या बर्फाचा असा थर चढलेला की माशांची पाकिटं दिसत नव्हती. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. सासूबाई दात घासायचा ब्रश तोंडात धरूनच धावत आल्या. त्यांनी आत बघितलं. फेस पुसला. वाकून दाराच्या वरच्या कोपऱ्याशी हाताचा पंजा धरला.

"वारा येतोय," त्या म्हणाल्या. "रात्रभर दमट हवा आत गेली. त्याचाच बर्फ झालाय." मग जमिनीवर आडव्या झाल्या, गाल फरशीला लावला, फ्रीजखाली बघितलं. "डाव्या पायाखालची लाकडी चकती कुठंय?"

काल फरशी घासताना एक काळंकुट्ट, तेलकट लाकूड निघालं होतं. मी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकलं होतं. पिशवी पहाटेच्या गाडीने गेली होती.

"आई... ती... मला वाटलं कचरा आहे."

गिलसू कामावर जायला निघाला होता. तो बूट घालता घालता म्हणाला, "मी जातो. इथे आज खून होणार."

पण सासूबाई ओरडल्या नाहीत. हेच मला आजही आठवतं. त्या उठल्या, बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर पाच वाजल्यानंतर रड. आत्ता पाणी तापव. दोन पातेली."

मग जे सुरू झालं! वायर काढली. किमचीचे डबे, टोफू, अंडी, मावेल ते बर्फाच्या पेटीत आणि उरलेलं शेजारी नेऊन दिलं. वरच्या कप्प्यात वाफाळत्या पाण्याची पातेली ठेवली, दार लावलं. दहा मिनिटांनी पाणी बदललं. मला घाई झाली होती, मी सुरी घेऊन बर्फाला लावणार तोच मनगटावर सणसणीत चापटी बसली.

"सुरी? आतली नळी फुटली तर सगळा गॅस जाईल. मग ने त्याला तुझ्या संग्रहालयात पेंढा भरून! आपोआप सुटतो तो. थांब."

थांबलो. पहिला तुकडा धपकन पडला तेव्हा दोघींनी एकदम "हां!" केलं. मग दुसरा. मग अख्खी लादीच खाली आली. टिपून घेतलं, पुसलं, भोकात पिचकारी मारली. आता प्रश्न पायाचा. त्या पायाचा स्क्रू कधीच गंजून गेला होता, चकतीवरच सगळा तोल होता. पुढचे पाय किंचित उंच हवेत, म्हणजे फ्रीज मागे रेलतो आणि दार आपलं आपण लागतं. मी पुठ्ठा आणला, तो वजनाने दबला. रबराचा तुकडा आणला, तो जाड झाला.

सासूबाई आतल्या खोलीत गेल्या आणि आपला ह्वाथू पत्त्यांचा जोड घेऊन आल्या. या पत्त्यांवर त्या दर शनिवारी सगळ्या गल्लीला हरवतात. त्या पत्त्यांना मला हातही लावायची परवानगी नव्हती.

"आई, ते पत्ते?"

"प्लास्टिकचे आहेत, दबत नाहीत, भिजत नाहीत. उचल तू फ्रीज."

मी खांदा लावून उचलला. त्यांनी एक पत्ता सरकवला, कागदाची पट्टी दारात धरून ओढली. सरकन निघाली. दोन पत्ते. निघाली. चार. जरा अडली. माझा खांदा भरून आला होता, घामाने डोळे चुरचुरत होते. पाच. सहा. सातव्या पत्त्याला पट्टी अडकली ती अडकलीच. ओढली तर फाटली!

"लागलं!" सासूबाई ओरडल्या. एक कोपरा तेवढा अजून आत दबलेला होता. तिथलं रबर माझ्या केस वाळवायच्या यंत्राने गरम करून त्यांनी बोटांनी बाहेर ओढलं, जागेवर बसवलं, वर व्हॅसलिनचं बोट फिरवलं. या वेळी मागच्या जाळीला हवा लागावी म्हणून फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढेच ठेवला. साडेनऊला वायर लावली.

तापमापकावर सव्वीस. बाहेर सदतीस. हातात साडेपाच तास.

"आई, शेजारून बर्फाच्या पिशव्या आणते. आत ठेवू. तासाभरात गार होईल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरी करताना सापडले होते. "दुसऱ्याच्या गारव्यावर याला पास करायचं? नाही. जेवढा होईल तेवढा आपल्या दमाने होऊ दे."

मग आम्ही फ्रीजसमोर बसून राहिलो. दार उघडायचं नव्हतं, म्हणून तापमापकाची तार रबराखालून बाहेर काढून आकडा दिसेल असा ठेवला. साडेदहा, एकोणीस. साडेअकरा, चौदा. दर आकड्याला सासूबाई मांडीवर थाप मारत. जेवण झालंच नाही. साडेबाराला अकरा. "चल रे चल, माझ्या राजा," त्या पुटपुटत होत्या. आपल्या मुलाला त्या कधी राजा म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही.

दीड वाजता घंटा वाजली. ते दीड तास आधीच आले होते!

संग्रहालयाच्या बिन सोरा मॅडम होत्या, तिशीतल्या, आणि त्यांच्याबरोबर बांग साहेब, आयुष्यभर फ्रीज बनवण्याच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले. आमच्या आकड्यावर तेव्हा आठ पूर्णांक दोन होतं. मी कलिंगड कापायला घेतलं, बार्लीचं पाणी ओतलं, विषय काढत राहिले. जरा वेळ जाऊ दे एवढंच मनात. पण सासूबाई मधेच उठल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, खोटं बोलून मला जिंकायचं नाही. काल रात्रभर याचं दार फटीएवढं उघडं राहिलं. सकाळी बर्फ काढून साडेनऊला पुन्हा लावलाय. चूक फ्रीजची नाही, घरातल्या माणसांची आहे."

घरातल्या माणसांची. माझं नाव घेतलं नाही! मी कलिंगडाच्या ताटावर मान खाली घातली.

बांग साहेब फ्रीजच्या मागे गेले. खिशातून पांढरा रुमाल काढून जाळीवर वरून खाली फिरवला. रुमाल पांढराच राहिला. मग ते वाकले, खाली बघितलं, आणि हसायलाच लागले. "सात पत्ते?"

"त्यात चंद्राचा भारी पत्तासुद्धा गेलाय," सासूबाई म्हणाल्या. "मोठा त्याग आहे."

पावणेदोनला त्यांचं यंत्र आत गेलं. दार बंद. आमचा तापमापक त्यांनी काढून घेतला, त्यामुळे आता काहीच कळेना. दोन तास! बिन मॅडम सासूबाईंना गिरणीच्या गोष्टी विचारत होत्या, सासूबाई उत्तरं देत होत्या, पण कान सगळे मोटरच्या आवाजाकडे. तीनच्या सुमारास मोटर अचानक थांबली. मला वाटलं, मेली.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंस? स्वतःहून थांबली. पोट भरलं त्याचं!"

पावणेचारला बांग साहेबांनी दार उघडलं, चष्मा वर केला आणि वाचलं. "चार पूर्णांक सहा."

मी सासूबाईंना उचललं. खरोखर उचललं, त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. त्या माझ्या पाठीवर गुद्दे मारत ओरडत होत्या, "सोड गं! लोक बघतायत!" आणि सोडल्यावर त्यांनीच मला पुन्हा धरलं. पाच वाजेपर्यंत थांबायला सांगितलेलं रडणं चारलाच झालं, दोघींचंही.

आठ दिवसांनी निकाल आला. न्हावी जिंकला.

वय हाच मुख्य निकष होता, आणि त्याचा फ्रीज दोन वर्षांनी मोठा, पाचच्या आतही होता. सासूबाई त्या दिवशी अंथरुणातून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तर पांघरुणाखालून आवाज आला, "त्याचा आकडा किती आला होता?"

मी फोन करून विचारलं. "चार पूर्णांक नऊ."

पांघरूण उडालं. "म्हणजे थंड माझाच जास्त! वयाने काय, म्हातारं कुणीही होतं!" आणि पेज दोन वाट्या संपली. चार दारांचा फ्रीज जिंजूला गेला. मला वाईट वाटलं का? थोडंसं. अर्धा दिवस.

पण गोष्ट खरी रंगली ती सप्टेंबरच्या शेवटी. संग्रहालय उघडायला दोन आठवडे राहिले होते आणि बिन मॅडमचा रडवेल्या आवाजात फोन आला. न्हाव्याचा फ्रीज तिथे नेऊन लावला होता, आता त्याखाली पाण्याचं तळं साचत होतं, आत वास येत होता आणि तो थंड होईना. दुरुस्तीवाल्यांनी जुना आहे म्हणून हात वर केले होते. बांग साहेब म्हणाले होते, त्या पत्तेवाल्या बाईंना बोलवा.

सासूबाई पहिल्या बसने निघाल्या. मी पिशव्या धरून मागे. पिशवीत ब्रश, पिचकारी, सोडा, जेवणाची काडी आणि सोजूची बाटली. बसमध्ये माझ्या शेजारच्या माणसाने बाटलीकडे बघून जागा बदलली.

संग्रहालयात मो इनग्यू हजर होता. पंचाहत्तरीचा, केस काळे रंगवलेला, इस्त्रीचा शर्ट. सासूबाईंनी त्याला नमस्कारसुद्धा केला नाही. फ्रीज ओढायला लावला आणि मागे बघून जागेवरच बसल्या.

जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर केसांचा थर होता. दुकानात कापलेल्या चाळीस वर्षांच्या केसांचा, काळ्या-पांढऱ्या, बोटभर जाड! पाणी जायच्या भोकातूनही त्यांनी काडीने एक बोळा बाहेर ओढला, तोही केसांचा.

"मो साहेब," त्या तो बोळा वर धरून म्हणाल्या, "तुमच्या फ्रीजला टक्कल पडायला हवं होतं. हा तर विग घालून बसलाय!"

बिन मॅडमने तोंडावर हात दाबला. न्हावी कानापर्यंत लाल झाला. "मी समोरून रोज पुसायचो," तो म्हणाला.

"गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच करता का तुम्ही?"

तीन तास काम चाललं. त्या सांगत होत्या आणि न्हावी करत होता, कारण सासूबाईंनी ब्रश त्याच्याच हातात दिला होता. त्याचा हात मात्र हलका होता, हे त्यांनीही मान्य केलं. एकही तार न वाकवता त्याने सगळे केस काढले. संध्याकाळपर्यंत आत चार पूर्णांक चार झालं. सासूबाईंनी तो आकडा बघितला आणि त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

त्याच संध्याकाळी संग्रहालयाने त्यांना विचारलं: दर पंधरा दिवसांनी याल का? गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं, त्यावर त्यांचा फोटो आणि खाली 'देखभाल, थाक हूनाम'. गिरणीतल्या एकोणीस वर्षांत त्यांच्याकडे नुसता नंबर होता. ते ओळखपत्र घालून त्या घरापर्यंत बसमध्ये उभ्याच राहिल्या. मी जागा धरली होती, तरी बसल्या नाहीत. बसलं तर दिसणार कसं?

आता दर दुसऱ्या मंगळवारी त्या चांगवनला जातात. मो साहेबही तिथे येतात, स्वतःच्या फ्रीजला भेटायला म्हणे. दोघं तासभर भांडतात. मो साहेबांना सोड्याऐवजी व्हिनेगर हवं असतं, सासूबाईंना ते ऐकवत नाही. शाळेच्या सहली आल्या की सासूबाई दारात पट्टी धरून पोरांना ओढायला लावतात, आणि पट्टी अडकली की पोरं किंचाळतात.

गेल्या आठवड्यात तिथे १९७९ चं कपडे धुण्याचं यंत्र आलं. बिन मॅडमने फोनवर विचारलं, आजी, तुम्हाला यातलं काही कळतं का?

"यातलं? काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याची पुस्तिका आहे का तुमच्याकडे?"

आहे म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली, "यूरिम, माझा वाचायचा चष्मा कुठे ठेवलास गं?"